‘चढवत’मधला ‘व’

भटवाडी, घाटकोपर
१२ नोव्हेंबर १९८४

नलिनी,

मी माझ्या हातांनी केलेल्या वस्तू अशा :

पोलिओच्या उजव्या पायाला आधार द्यायचं कॅलिपर, तुझ्या चौथ्या वर्षापासून थेट एम. ए. होईपर्यंत, पाय वाढेल तसं नवं, दरवेळी पाय कागदावर ठेवून आराखडा काढून. माइल्ड स्टीलच्या पट्ट्या, मांडीचे पट्टे म्हशीच्या कातड्याचे, बकलं पितळी. गुडघ्याचं कुलूप, जे बसताना बोटाने उघडतं आणि उभं राहिलं की आपोआप पडतं; असं दुसऱ्या कोणी मुंबईत केलं असेल तर मला नेऊन दाखव. सागाच्या कुबड्या, काखेतली गादी काथ्या भरून. शाळेच्या बाकाला अडकवायचा, पाय टेकायचा पाट. मोरीतला कठडा. तीनचाकी, हाताने पेडल मारायची, चेन जुन्या सायकलची. ही मी नंतर मोडली, कारण तू चालायचं सोडून दिवसभर तिच्यातच बसायला लागलीस. आणि ते टेबल, ज्यावर तू एम. ए. झालीस.

हे लिहायचं कारण शनिवारचा पेपर. अपंगांच्या मेळाव्यातलं तुझं भाषण छापलंय. ‘माझ्यासाठी घरात काही घडवलं गेलं नाही, मलाच घडवलं गेलं.’ वाक्य चांगलं आहे. टाळ्या पडल्या असतील. पण खोटं आहे, आणि मराठीच्या लेक्चररने खोटं वाक्य नुसतं चांगलं आहे म्हणून बोलू नये.

तू त्या मैत्रिणीबरोबर, वसुधाबरोबर, मुलुंडला खोली घेऊन राहायला गेलीस, मी अडवलं नाही. तळमजल्याची खोली घेतलीस, त्यावरही बोललो नाही. परवा आई तुझ्याकडून आली ती कापडी पिशवी घेऊन. पिशवीत मी केलेलं शेवटचं कॅलिपर. बरोबर चिठ्ठी नाही. आईने सांगितलं, हॉस्पिटलातून प्लास्टिकचं मिळालंय, हलकं आहे. मला काही वाटलं नाही. लोखंड होतं, कामाला लावलं. डावा दांडा माझ्या असल्फ्याच्या गाळ्याच्या शटरला अडसर म्हणून बसवला. बरोब्बर बसला, कानससुद्धा मारावी लागली नाही.

जयवंत धाकू घाडी


भटवाडी
३ जानेवारी १९८५

नलिनी,

तुझं उत्तर आलं नाही म्हणून मीच मुलुंडला आलो होतो, ते तू पाहिलंसच. तुझी चौकशी करायला आलो नव्हतो. प्राध्यापकांच्या परिषदेत माझी मुलगी निबंध वाचणार, विषय ‘मराठी म्हणींतले आंधळे, पांगळे, बहिरे’. मी सातवी नापास, पण व्याकरणाची पुस्तकं रद्दीतून आणून पाठ केलेला माणूस. म्हटलं, बघू तरी हल्ली पीएच. डी. कशावर देतात.

तू श्रोत्यांनाच म्हणी विचारल्यास, ही युक्ती मला आवडली. कोणी म्हणालं, आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं. कोणी म्हणालं, आंधळ्याच्या गाई देव राखतो. पुढच्या रांगेतला तो जाडा प्राध्यापक चाचरत उठला, ‘मॅडम, एक आहे, पण तुमच्यासमोर कशी म्हणू? वासरात लंगडी गाय...’

‘म्हणा ना सर,’ तू म्हणालीस, ‘गाय मीच आहे. वासरं तेवढी तुम्ही वाटून घ्या.’

सगळा हॉल हसला. मीही हसलो, मान्य. मग मागून मी ओरडलो, ‘नाचता येईना, अंगण वाकडं!’ आणि त्याहून मोठा हशा पिकला. तेव्हा तू मान वर करून मला पाहिलंस.

मला वाटलं होतं, तू लाजशील. तू पाण्याचा पेला उचललास, एक घोट घेतलास, आणि म्हणालीस, ‘ही म्हण नाचणारणीने केलेली नाही. अंगणाच्या मालकाने केली आहे. इतक्या शे वर्षांत एकदा तरी कुणी अंगण मोजून पाहिलंय का?’ लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. माझ्या शेजारचा माणूस मला म्हणाला, ‘काका, मस्त पॉइंट काढून दिलात तुम्ही.’ मी त्याला सांगितलं नाही मी कोण ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आपल्या दारातल्या फरशीवर पाणसळ ठेवून बघितली, लांबीत आणि रुंदीत. बुडबुडा बरोबर मध्ये. आई आतून बघत होती. म्हणाली, ‘अवो, ता म्हणीतला अंगण!’

तरीपण. मोजायला सांगितलंस, मी मोजलं.

जयवंत धाकू घाडी


भटवाडी
१७ जून १९८५

नलिनी,

सात महिन्यांनी पत्र पाठवलंस, तेही एक्स-रेसोबत. आधी पत्राचं बोलतो. ‘दुरुस्त’चा ‘दु’ र्‍हस्व. ‘परिस्थिती’चा शेवट दीर्घ. लाल पेन्सिलीने खुणा करून पत्र परत पाठवतो आहे, ठेव.

आता एक्स-रे. तुझे डॉक्टर म्हणतात, खुब्याची वाटी झिजली, कारण कॅलिपर वर्षानुवर्षं पाव इंच लांब होतं आणि त्यावर जिने चढवले. मी मोजत होतो तेव्हा हे डॉक्टर चड्डीत असतील. मी तुझा पाय निजवून मोजला आहे आणि पुन्हा उभं करून मोजला आहे. दोन मापांत जो फरक येई त्याचा मध्य काढून पट्टी कापली आहे. ते म्हणतात, पोलिओच्या पायाला मध्य काढायचा नसतो, उभ्याचंच माप धरायचं असतं. असं त्यांच्या पुस्तकात असेल. गिरणीच्या वर्कशॉपात पंचवीस वर्षं मी दोन मापांचा मध्य काढला आणि एक मशीन त्याने बंद पडलं नाही.

पुढे तू लिहितेस, ‘मला आता भटवाडी चढवत नाही, बाबा. म्हणून येत नाही. तुम्हाला वाटतं तशी रुसलेली नाही.’

टेकडीच्या याच पायऱ्या तू पाचव्या वर्षी चढलीस. तुझ्या भाषणात शेजारच्या द्रौपदी वहिनीचा प्रसंग आला होता म्हणे. वसुधाने आईला सांगितलं, आईने मला. तू अर्धाच सांगितलास. मी पूर्ण सांगतो. पायऱ्यांच्या वर मी तुझा डबा घेऊन उभा होतो. तू खाली रडत होतीस. आईला मी घरात बसवून ठेवलं होतं. द्रौपदी वहिनी नळावरून येत होती, तिने हंडा ठेवला, तुला कडेवर घेतलं आणि वर आणून सोडलं. मी तुला उचललं, परत खाली नेलं, पहिल्या पायरीवर उभं केलं आणि वर येऊन उभा राहिलो. ती ओरडत होती, ‘जयवंता, चेडू ता! तुका काळीज आसा काय नाय?’ सगळी चाळ बाहेर आली. तू दिवेलागणीला वर पोचलीस. डबा थंड झाला होता, तो तू सगळा खाल्लास. हे तू भाषणात का सांगत नाहीस, की सगळा खाल्लास?

आईचं म्हणणं वेगळं आहे. एक्स-रे तिने खिडकीच्या उजेडात धरून पाहिला. तिला काय कळणार, पण बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, ‘तुमच्या मापात चूक नसताच. माणूस तेवडो त्यात बसणा नाय.’

पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ धरतं. मी दर रविवारी खरवडतो. कुणी येणार असो वा नसो.

जयवंत धाकू घाडी


असल्फा, गाळ्यावरून
१९ ऑगस्ट १९८५

नलिनी,

तुझ्या कॉलेजातलं प्रकरण मला आता दोन बाजूंनी कळलं आहे, तेव्हा मला काही ठाऊक नाही असं धरून चालू नकोस.

तुझी बाजू आईकडून. मराठी विभाग तिसऱ्या मजल्यावर. तू अर्ज केलास की वर्ग तळमजल्यावर द्या आणि दारातल्या पायऱ्यांना उतार बांधा. त्यांनी दिला नाही, म्हणून जुलैपासून तू जिन्याखालच्या मोकळ्या जागेत फळा टेकवून शिकवतेस आणि पोरं वरून उतरून तुझ्यापुढे बसतात. त्यांत एक शकु म्हणून भांडुपची मुलगी आहे, दोन्ही पाय गेलेली, जी पहिलं वर्षभर हातांवर जिना चढली आणि वर पोचेपर्यंत तिची साडी पुसणं झालेली असे. आई हे सांगताना रडली. तू म्हणतेस, लढा शकुसाठी आहे.

दुसरी बाजू संस्थेचे सेक्रेटरी नंदकिशोर मोघे यांच्याकडून. हो, ते गाळ्यावर आले होते. सफारी घालून, लोखंडाच्या चुऱ्यात बूट घालून उभे राहिले, खुर्ची दिली तरी बसले नाहीत. म्हणाले, ‘घाडी, पेपरात तुमच्या मुलीचं वाचलं आणि मनात आलं, या बापाला बघायला पाहिजे. डॉक्टरांनी हात टेकले आणि एका फिटरने मुलगी उभी केली. सरकारने पदक द्यायला हवं तुम्हाला.’ मी त्यांना गुडघ्याच्या कुलपाचा जुना नमुना दाखवला. त्यांनी तो हातात घेतला, उघडला, मिटला, पुन्हा उघडला. तुझ्या एकाही प्रोफेसरने आजवर हे केलेलं नाही. तूही नाही.

त्यांचं म्हणणं सरळ आहे. तळमजल्याच्या खोल्या बँकेला द्यायचं ठरलंय. तुझं प्रोबेशन सप्टेंबरात संपतं. चौकशी समिती बसणार. समितीने म्हटलं की तुला जिना शक्यच नाही, तर त्यांना तळमजला द्यावा लागेल, उतार बांधावा लागेल आणि तुला कायम करावं लागेल. समितीने म्हटलं की तुला शक्य आहे आणि तू हट्टाने चढत नाहीस, तर तो आज्ञाभंग. मग नोकरी नाही. आणखी थोडं बोलणं झालं, त्याचा तुझ्याशी संबंध नाही.

मी तुला एक मार्ग सांगतो. समितीच्या दिवशी तू चढून जा. एकदाच. सगळ्यांसमोर. तोंडं बंद होतील. मग हक्काने माग काय मागायचं ते. चढणाऱ्याने मागितलं तर त्याला मागणं म्हणतात, बसलेल्याने मागितलं तर त्याला भीक म्हणतात.

जयवंत धाकू घाडी


भटवाडी
२४ सप्टेंबर १९८५

नलिनी,

वसुधाने आईला जे सांगितलं ते मी ऐकलं. त्यात तपशिलाच्या चुका आहेत. झालं ते असं.

समिती दुसऱ्या मजल्यावर बसली होती, प्रिन्सिपॉलच्या खोलीत. तू वर आलीस तर चढवतं हे सिद्ध, आणि नाही आलीस तर गैरहजर, असा त्यांचा डाव आहे असं तू म्हणतेस. असेल. मी आलो तेव्हा तू जिन्याच्या तोंडाशी खुर्चीवर होतीस, बाजूला वसुधा, खाली सतरंजीवर ती शकु. मी तिला पहिल्यांदाच पाहत होतो. तिच्या हातांचे तळवे मी पाहिले. घट्टे माझ्यासारखे.

‘बाबा, तुम्ही इथे कशाला?’ तू विचारलंस.

‘बोलावलंय.’

‘कुणी?’

‘मोघ्यांनी.’

तू उठायला गेलीस आणि खुब्यावर हात ठेवून परत बसलीस. नाटक होतं असं मी म्हणणार नाही. म्हणालीस, ‘एक्स-रे बघितलात ना तुम्ही?’

‘बघितला. हाडाचा होता. जिद्दीचा एक्स-रे निघत नाही.’

शकु म्हणाली, ‘काका, तुम्ही मॅडमच्या बाजूने आलात ना?’ मी तिला म्हटलं, ‘मी खऱ्याच्या बाजूने आलोय, पोरी.’ आणि चढलो. मागून तू हाक मारलीस, ‘बाबा’ नव्हे, ‘अहो घाडी!’ अशी, परक्याला मारावी तशी. मी वळलो नाही. जिना चढताना मागे वळू नये, तोल जातो, हे तुलाही मीच शिकवलं आहे.

वर त्यांनी मला विचारलं, मी सांगितलं. चौथ्या वर्षापासून काय काय केलं ते सगळं. पायऱ्या, डबा, कुलूप. समितीतल्या एक बाई डोळे पुसत होत्या. मोघे म्हणाले, ‘धन्य आहे.’ डॉक्टरांचा कागद टेबलावर होता. प्रिन्सिपॉलांनी विचारलं, ‘हे खुब्याचं काय?’ मी म्हटलं, दुखत असेल. दुखणं आणि न जमणं या दोन गोष्टी आहेत.

मग कारकुनाने लिहिलेलं वाचून दाखवलं. तो बिचारा तुझ्या अर्जावरूनच उतरवत होता. ‘प्रा. घाडी यांना जिना चढवत नाही, याबाबत त्यांच्या वडिलांचे म्हणणे खालीलप्रमाणे.’ मी म्हटलं, थांबा. हे वाक्य चूक आहे. ‘चढवत नाही’ हे शक्य क्रियापद. त्याचा अर्थ, अंगात ताकद नाही. ‘चढत नाही’ म्हणजे ताकद आहे, करत नाही. माझ्या मुलीच्या अंगात ताकद मी घातली आहे. माझी सही ‘चढवत नाही’खाली होणार नाही.

त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. मी ‘चढवत’मधला ‘व’ काढला. ‘यांना’ काढलं. ‘नाही’ला ‘त’ जोडला. तू प्राध्यापक आहेस, आदरार्थी बहुवचन मी चुकवलं नाही. ‘प्रा. घाडी जिना चढत नाहीत.’ मोघे म्हणाले, ‘शब्दाचे फार पक्के हो तुम्ही.’ मी सही केली.

त्या वाक्यातून ते पुढे काय काढणार हे मला कळलं होतं का, असं आईने विचारलं. मला मराठी कळतं. मी तिला एवढंच सांगितलं.

उतरताना जिन्याच्या तोंडाशी कुणी नव्हतं. सतरंजी होती. कॉलेजची असेल म्हणून घडी करून शिपायाकडे दिली.

जयवंत धाकू घाडी


भटवाडी
९ मार्च १९८६

नलिनी,

हे पत्र तुझ्या आईला वाचून दाखवू नकोस. ती आता तुझ्याकडेच राहते, तेव्हा सांगून ठेवतो. तिचा चष्मा इथे राहिला होता, तो वेगळा पाठवला आहे. काडी हलत होती, स्क्रू बदलला.

द्रौपदी वहिनीकडून बातम्या कळतात, कारण ती मुलुंडला तुमच्याकडे जाते आणि येताना माझ्याशी न बोलता माझ्या दारात उभी राहून मोठ्याने बोलते. कॉलेजने ऑक्टोबरात तुला काढलं. तळमजल्यावर बँक आली. शकुने कॉलेज सोडलं, ती आता घरी बसून ब्लाउजना हुक लावते. तुझं खुब्याचं ऑपरेशन झालं, हाड अपेक्षेपेक्षा जास्त झिजलेलं निघालं, आणि डॉक्टर म्हणाले, शेवटच्या वर्षभरात तुला खरंच चढवलं नसतं. ‘शेंड्यापासून बुडापर्यंत पीठ झाला होता,’ असे वहिनीचे शब्द. तू आता चाकाच्या खुर्चीत बसतेस. पीएच. डी.चे मार्गदर्शक घरी येऊन शिकवतात. तुझा प्रबंध मेमध्ये जाणार.

ऑपरेशनच्या दिवशी मी हॉस्पिटलात आलो नाही. कुणी बोलावलं नव्हतं. बाहेरच्या फुटपाथवर होतो, ही वहिनीने सांगितलेली गोष्ट खरी नाही. मी तिकडे नटबोल्ट घ्यायला गेलो होतो.

आजचं पत्र या कशासाठीच नाही. वहिनी काल दारात उभी राहून म्हणाली, तू आता सभांत सांगतेस की ‘माझ्या बापाने मला संस्थेला विकलं’. लोक ‘शेम शेम’ ओरडतात. एका पत्रकातही ते छापलंय, तिने माझ्या पायरीवर टाकलं. मी वाचलं. शुद्धलेखन बरोबर आहे.

निर्दय म्हण. अडाणी म्हण. माप चुकलं म्हण, तुझ्या डॉक्टरच्या तोंडून म्हण, मी उत्तर देणार नाही. तू माझी मुलगी नाहीस असंही एखाद्या सभेत म्हणालीस तरी मी खाली मान घालून ऐकेन. पण विकाऊ म्हणायचं नाही. गिरणी बंद पडली तेव्हा सगळी चाळ मालकाच्या माणसांकडून पाकिटं घेत होती, मी घेतलं नाही, आणि तेव्हा तू मला मिठी मारली होतीस.

तेव्हा हे उतरवून घे आणि पुढच्या सभेत जसंच्या तसं वाचून दाखव.

नंदकिशोर मोघे गाळ्यावर आले, त्या दिवशी पदकाचं बोलून झाल्यावर त्यांनी सफारीच्या खिशातून पाकीट काढलं आणि ऐरणीवर ठेवलं. म्हणाले, ‘घाडी, मुलीविषयी दोन शब्द समितीपुढे बोला. नव्या इमारतीच्या सगळ्या मजल्यांच्या कठड्यांचं कामही तुम्हालाच.’ मी पाकिटाला हात लावला नाही. त्यांना ते पुन्हा उचलायला लावलं, आत काय आहे ते तोंडाने सांगायला लावलं, आणि मग नाही म्हटलं. म्हटलं, ‘साहेब, माझी मुलगी चढू शकते हे सांगायला कुणाला मला पैसे द्यावे लागत नाहीत. ते मी फुकट सांगेन.’ आणि फुकट सांगितलं.

मी नाकारलं ते हे : कठड्यांचं काम, आणि रोख पंधरा हजार रुपये.